विंडोज १० सोडायचं का? आमच्या घरातला खल

आमच्या घरात कॉम्प्युटर एक आणि त्याच्यावर हक्क सांगणारे चौघे. माझं डीटीपीचं काम त्याच्यावर चालतं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, मंडळांचे अहवाल, एकसष्टीच्या गौरवपुस्तिका, मधूनच एखादा कवितासंग्रह (कवी स्वतःच्या खिशातून छापत असल्यामुळे हिशेब चोख असतो). आमच्या ह्यांची बँक आणि इन्कम टॅक्सचं रिटर्नही त्याच्यावरच. लेक इंजिनिअरिंगला आहे, तिचे प्रोजेक्ट रात्री अकरानंतर सुरू होतात. आणि सासरे, म्हणजे आप्पा, दुपारी जेवण झाल्यावर तासभर देवस्थानाचा जमाखर्च लिहितात. त्या तासात कॉम्प्युटर मागायचा नाही, हा घरातला अलिखित कायदा.

मशीन २०१७ च्या दिवाळीत इथे सांगलीतच असेंबल करून घेतलेलं. सातव्या पिढीचा आय३, ४ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क. वर विंडोज १०, तेही ओरिजिनल, पावतीसकट. २०२५ मध्ये त्याच्यावर मधूनमधून पूर्ण पडदा व्यापणारी सूचना येऊ लागली की १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा सपोर्ट संपणार. ती नेमकी आप्पांच्या तासात आली की आतून हाक यायची, "पोरी, हे बघ काय म्हणतंय. बंद पडतंय का काय?"

बंद पडत नाही, हे आधी सगळ्यांना सांगावं लागलं. विंडोज १० हे २९ जुलै २०१५ ला बाजारात आलं आणि दहा वर्षं त्याला दर महिन्याला सुरक्षेचे अपडेट मिळत गेले. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर हे फुकटचे अपडेट थांबणार, एवढाच त्याचा अर्थ. मशीन दुसऱ्या दिवशीही सुरू होणार, फायली उघडणार, प्रिंट निघणार.

सांगलीकराला ही गोष्ट समजावायला फार कष्ट पडत नाहीत. आयर्विन पुलाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५. पाणी ४० ला लागलं म्हणून गावभागातलं कुणी त्याच मिनिटाला घर सोडत नाही, पण गाद्या आणि धान्याचे डबे वर चढवायला सुरुवात तेव्हाच करायची असते. १४ ऑक्टोबर ही ती ४० फुटांची खूण. आप्पांना हे पटलं. ह्यांना जरा जास्तच पटलं. "मग अजून पाच फूट आहेत की," म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

ह्यांचं मत पहिल्यापासून ठरलेलं: चालतंय तोवर हात लावायचा नाही. लेकीचं मत त्याच्या बरोबर उलट: विंडोजच काढून टाकायचं आणि त्याच्या जागी लिनक्स ही फुकटची सिस्टिम घालायची. आप्पांचं म्हणणं, काय करायचं ते करा, पण माझी वही तिथेच दिसली पाहिजे. वही म्हणजे डेस्कटॉपच्या डाव्या कोपऱ्यातली एक्सेलची फाइल. निर्णय माझ्यावर आला, कारण मशीन बंद राहिलं तर पैसे माझे बुडतात.

"हात लावायचा नाही" हे मत मला आळशी वाटत असलं तरी एकदम मोडीत काढता येत नव्हतं. आमच्या ओळखीत एका दुकानात विंडोज ७ वर अजून बिलं निघतात. विंडोज ७ चा सपोर्ट संपला जानेवारी २०२० मध्ये. पण त्या मशीनला इंटरनेटच नाही, आणि सगळा फरक तिथेच पडतो. आमच्या मशीनवर बँक उघडते, गिऱ्हाइकं व्हॉट्सअ‍ॅपवर काहीबाही फायली पाठवतात आणि मला त्या उघडाव्या लागतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसनं जगभरात दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटर बंद पाडले, ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना पेशंट परत पाठवावे लागले. तो ज्या भोकातून शिरला, ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टनं त्याआधी दोन महिने, मार्चमध्येच दिला होता. सापडले ते मुख्यतः ज्यांनी तो टाकला नव्हता ते. म्हणजे अपडेट असून ही गत. तो यायचाच बंद झाल्यावर सापडलेलं प्रत्येक नवं भोक उघडंच राहणार.

आणि जुन्या विंडोजवरून माणसाला खऱ्या अर्थानं उठवून लावतो तो ब्राउझर. क्रोमनं फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्या ११० व्या आवृत्तीपासून विंडोज ७ आणि ८.१ सोडून दिले. ब्राउझर जुना झाला की हळूहळू साइट कुरकुर करायला लागतात. विंडोज १० वर ती वेळ अजून आलेली नाही, पण यायची आहे हे नक्की.

मग साधा रस्ता म्हणजे विंडोज ११ वर जायचं. ओरिजिनल विंडोज १० असेल तर ते फुकट मिळतं. लेकीनं मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक नावाचं छोटं सॉफ्टवेअर उतरवून चालवलं. कुठे हिरव्या खुणा आल्या, कुठे लाल. ४ जीबी रॅम चालते, ६४ जीबी जागा चालते, हे हिरवं. टीपीएम २.० लाल. हा टीपीएम म्हणजे किल्ल्या-पासवर्ड सांभाळणारी सुरक्षेची सोय, कुठे वेगळी चिप असते, कुठे प्रोसेसरमध्येच असते. आमच्याकडे तो होता पण झोपवलेला होता. मशीन सुरू होताना डिलीट दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोज उघडण्याआधीच्या मूळ सेटिंगमध्ये गेलो. तिथे त्याला टीपीएम म्हणत नव्हते, इंटेलच्या भाषेत त्याचं नाव पीटीटी. ते चालू केलं, परत तपासलं, तो लाल हिरवा झाला. लेक खुशीत.

एक लाल मात्र हलेना. प्रोसेसर. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो (सातव्यातले मोजके अपवाद आहेत, आमचा त्यात नाही). आणि त्याला बायोसमध्ये कुठे बटण नसतं. आठव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर बाजारात आले ऑक्टोबर २०१७ मध्ये. आमचं मशीन त्याच महिन्यात, त्याच दिवाळीतलं. बरं, तोच प्रोसेसर आता आणून बसवावा तर आमच्या मदरबोर्डवर तो चालत नाही. मदरबोर्ड बदलला की विंडोजचं लायसन्स परत कटकट करणार, कारण ते बोर्डाला बांधलेलं असतं. म्हणजे एक स्क्रू बदलायला जाऊन नवंच मशीन घ्यायचं.

वखारभागातल्या आमच्या कॉम्प्युटरवाल्या पोराला फोन केला. त्याला यात काहीच अवघड वाटलं नाही. "टाकून देतो की वहिनी. पेन ड्राइव्ह असा बनवतो, ते प्रोसेसर-बिसेसर काही विचारतच नाही. तासाभराचं काम." तो खोटं बोलत नव्हता. रूफससारख्या टूलनं ही तपासणी वगळणारा पेन ड्राइव्ह तयार होतो, आणि असं विंडोज ११ जुन्या मशीनवर पळतंही. त्यानं इथे कितीतरी जणांना करून दिलंय. पण मायक्रोसॉफ्टनं स्वतः लिहून ठेवलंय की अशा मशीनला अपडेट मिळण्याचा हक्क राहत नाही. आज मिळतील, उद्या थांबले तर कुणाकडे बोट दाखवायचं? अपडेट बंद होणार म्हणून विंडोज १० सोडायचं आणि अपडेटची खात्री नसलेल्या ११ वर जाऊन बसायचं, हे मला काही पचेना. त्या पोराला हे सांगितलं तर तो म्हणाला, "एवढा विचार कोण करतंय वहिनी?" ते मात्र खरं असावं.

तोवर मी दुसरंच काम काढलं. कागद घेतला आणि या मशीनवर कुठलं काम कशाच्या जिवावर चालतं ते लिहीत गेले. ह्यांची बँक: ब्राउझर. लेकीचे प्रोजेक्ट: बरंचसं लिनक्सवरही चालणारं. आप्पांची वही: एक्सेल, पण साध्या बेरजा-वजाबाक्या, कुठल्याही शीटमध्ये होतील. प्रिंटर: जुना लेसर, विंडोजवर गुमान चालतो. आणि माझं काम: पेजमेकर ७, जुने मराठी फॉन्ट, आणि त्या फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा डोंगल. माझी ओळ लिहून झाल्यावर पेन तिथेच थांबलं. बाकीच्या तिघांचं काम कुठेही हलवता येत होतं.

ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पेजमेकर ७ हे छपाईची पानं मांडायचं सॉफ्टवेअर आलं २००१ मध्ये, नंतर कंपनीनं ते पुढे वाढवलं नाही, इनडिझाइनवर लक्ष दिलं. तरी आपल्याकडे छापखान्यांतून ते अजून गाजतंय, कारण मराठीचे जुने फॉन्ट त्यात बिनबोभाट बसतात. हे फॉन्ट युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीचे. त्यांच्यात "क" हा "क" म्हणून साठवलेलाच नसतो. आत एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असतं आणि फॉन्ट त्याच्यावर "क"चं चित्र चढवतो. फॉन्ट काढून घ्या, की चि. आणि चि. सौ. कां. यांच्या जागी टोप्या घातलेल्या रोमन अक्षरांचा बाजार दिसतो. आणि आमच्या सॉफ्टवेअरचा फॉन्ट तेव्हाच जागा होतो, जेव्हा मागच्या यूएसबीत तो बोटभर डोंगल लावलेला असतो. डोंगलचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला विंडोजशी बोलायला लावणारं सॉफ्टवेअर, किती जुना आहे ते बघितलं आणि परत बंद करून ठेवलं.

मिरजेला माझ्या भाच्याकडे विंडोज ११ चा नवा लॅपटॉप आहे. रविवारी डोंगल, सॉफ्टवेअरची सीडी उतरवलेला पेन ड्राइव्ह आणि एका पत्रिकेची फाइल घेऊन त्याच्याकडे गेले. विकत घ्यायच्या आधी, बदलायच्या आधी, आपलं अडेल काम दुसऱ्याच्या मशीनवर करून बघायचं, ही मला या सगळ्यातली सर्वांत कामाची गोष्ट वाटते. पेजमेकर सुरू झालं. मलाच आश्चर्य वाटलं. चोवीस वर्षांचं सॉफ्टवेअर, पण ३२ बिटचं असल्यामुळे विंडोज ११ त्याला अजून घरात घेतं. (विंडोज ११ ची स्वतःची ३२ बिट आवृत्ती नाही. त्याहून जुनी, १६ बिटची सॉफ्टवेअर मात्र त्याच्यावर चालत नाहीत. कुणाकडे डॉसच्या जमान्यातला हिशेबाचा प्रोग्रॅम असेल तर त्यानं आधी तो बघावा.)

मग डोंगल लावला. खाली उजव्या कोपऱ्यात सूचना आली की या डिव्हाइसवर ड्रायव्हर लोड होऊ शकत नाही. फॉन्ट जागा झाला नाही, पत्रिकेवर टोप्यांचा बाजार. भाच्यानं खोदून बघितलं. विंडोज सिक्युरिटीत डिव्हाइस सिक्युरिटी, त्यात कोअर आयसोलेशन, त्यात मेमरी इंटिग्रिटी नावाचं एक बटण असतं. नव्या लॅपटॉपवर ते आधीच चालू असतं. त्याचं काम म्हणजे संशयास्पद किंवा फार जुने ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यापर्यंत पोचू द्यायचे नाहीत. ते बंद केलं, लॅपटॉप परत सुरू केला, डोंगलचा दिवा लागला आणि गणपतीखालचा श्लोक नीट दिसायला लागला.

भाचा म्हणाला, "झालं की आत्या, बंदच ठेवायचं ते." मी त्याच्याकडे बघतच राहिले. सुरक्षेसाठी ११ घ्यायचं, आणि ते घेतल्या घेतल्या त्यातलं सुरक्षेचं कुलूप काढून ठेवायचं, का तर माझ्या डोंगलसाठी. मिरजेहून परत येताना मनात एवढंच पक्कं झालं की प्रश्न दहा की अकरा हा नाहीच. हा डोंगल आहे तोवर मी कुठल्याही विंडोजवर गेले तरी अडकलेलीच आहे.

लेकीचं लिनक्सही बघून घेतलं, नाहीतर घरात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. मिंट २२ ही लिनक्सची एक आवृत्ती तिनं पेन ड्राइव्हवर चढवली. यात एक चांगलं आहे की मशीनवर काही न टाकता, नुसत्या पेन ड्राइव्हवरून सुरू करून बघता येतं. २०२९ पर्यंत त्याला अपडेट आहेत आणि पैसे द्यायचे नाहीत. मराठी अक्षर सुरेख दिसतं, इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहे, बँकेची साइट उघडते. जुना प्रिंटर मात्र मुका. त्याचा लिनक्सचा ड्रायव्हर बसवायला लेक दोन संध्याकाळी झगडली आणि "प्रिंटरच बदलूया" म्हणाली. डोंगलचा तर लिनक्ससाठी ड्रायव्हरच नाही. माझ्यासाठी प्रकरण मिटलं. पण तिचा शाळेतला लॅपटॉप, जो विंडोजच्या ओझ्यानं पार कपाटात गेला होता, त्याच्यावर मिंट छान पळतं. तो आप्पांना दिला. लिब्रे ऑफिसमध्ये त्यांची वही उघडून डाव्या कोपऱ्यात ठेवली. आप्पांनी बेरीज कॅल्क्युलेटरवर पडताळून बघितली, जुळली, विषय संपला.

नव्या मशीनचं कोटेशनही मागवलं. प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएसडी, विंडोजचं लायसन्स मिळून आकडा पस्तीस हजारांच्या पुढे. त्यात रॅमचे भाव त्या सुमारास चढायला लागलेले. दिवाळीच्या तोंडावर, लेकीची फी भरलेली असताना, नुसत्या तारखेला घाबरून एवढे पैसे घालायचे नव्हते.

मधला मार्ग मायक्रोसॉफ्टनंच ठेवलाय. घरगुती मशीनला विंडोज १० चे सुरक्षा अपडेट आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळू शकतात. त्याला ईएसयू म्हणतात. तीन वाटा आहेत: एकदाच ३० डॉलर किंवा त्याइतके रुपये भरा, नाहीतर मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्सचे १००० पॉइंट द्या, नाहीतर मशीनच्या सेटिंगचा बॅकअप मायक्रोसॉफ्टच्या खात्यात चालू करा आणि फुकट घ्या. तिन्हीसाठी मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं, आणि विंडोज १० ची शेवटची आवृत्ती, २२एच२, असावी लागते. नवीन सोयी काही मिळत नाहीत, फक्त भोकं बुजवली जातात. मला तेवढंच हवं होतं.

वसुबारस तीन दिवसांवर असताना मी बसले. सेटिंगमध्ये अपडेट अँड सिक्युरिटी, तिथे विंडोज अपडेटच्या पानावर उजवीकडे नाव नोंदवण्याचा दुवा होता. लेकीच्या मैत्रिणीच्या मशीनवर तो दिसतच नव्हता. तिनं आधी राहिलेले सगळे अपडेट घालून घेतले, मग दिसला. आमचं मशीन आजवर साध्या, बिनखात्याच्या नावावर चालायचं, त्यामुळे आधी ईमेल घालून खात्यात शिरावं लागलं. एक गोष्ट इथे थांबून बघावी. बॅकअपच्या पानावर फोल्डर, अ‍ॅप, सेटिंग, पासवर्ड अशी वेगवेगळी बटणं असतात. फुकटच्या ईएसयूला सेटिंगचा बॅकअप पुरतो. डॉक्युमेंट आणि डेस्कटॉपचे फोल्डर मी बंद ठेवले, कारण वनड्राइव्हवर फुकट जागा ५ जीबी आणि माझ्या एका लग्नसराईतल्या पत्रिकाच तेवढ्या भरतात. शिवाय गिऱ्हाइकांचे फोटो आणि पत्ते तिकडे कशाला? शेवटी "तुमची नोंदणी झाली" असं एक वाक्य आलं. ह्यांना दाखवलं. "बघ, म्हटलं नव्हतं, काही करायची गरज नाही," असं म्हणून ते सगळं श्रेय घेऊन गेले.

बॅकअपचं म्हणाल तर आमच्याकडे तो वेगळ्या कारणानं पक्का आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विनशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमच्या खालच्या खोलीत छातीएवढं पाणी होतं. मशीन त्याआधीच माळ्यावर गेलं होतं, पण घर सोडताना बोटीत कॅबिनेट कोण घेणार? ह्यांनी स्क्रू काढून नुसती हार्ड डिस्क दुधाच्या पिशवीत गुंडाळली आणि शर्टाच्या आत घातली. तेव्हापासून कामाच्या सगळ्या फायलींची एक प्रत विट्याला माझ्या माहेरी असते, दर महिन्याला बदलली जाते. २०२१ च्या पुरात त्यामुळे डिस्क शर्टात घालायची वेळ आली नाही. विंडोजला हात लावायच्या आधी आमच्या घरात बॅकअपवरून वाद होत नाही तो यामुळे.

हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क घातली, रॅम ८ जीबी केली. विंडोज नव्यानं न टाकता जुनी डिस्क जशीच्या तशी एसएसडीवर उतरवून घेतली. बोर्ड तोच राहिल्यामुळे लायसन्सनं काही विचारलं नाही. आधी मशीन चालू करून चहा टाकायला जायचे, आता आधण यायच्या आत पेजमेकर उघडलेलं असतं. खरं सांगायचं तर घरातल्या मशीनचं जे दुखणं लोक विंडोजवर ढकलतात, त्यातलं निम्मं जुन्या फिरत्या डिस्कचं असतं. तारखेचा काही प्रश्न नसता तरी हे आधीच करण्यासारखं होतं.

जे नव्यानं विंडोज टाकणार आहेत त्यांना एक सांगून ठेवते. मंगल फॉन्ट विंडोज १० आणि ११ मध्ये सुरुवातीपासून बसलेला असेलच असं नाही. जुन्या वर्डच्या फायली उघडल्या की ओळी सरकलेल्या, पानं वाढलेली दिसतात आणि माणूस घाबरतो. सेटिंगमधल्या ऑप्शनल फीचर्समध्ये देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स म्हणून एक पुडकं मिळतं. त्यात मंगल, कोकिळा, अपराजिता सगळे असतात. ते घातलं की पानं जागेवर येतात.

आता उरलेलं वर्ष. मी ते डोंगलला निरोप द्यायला वापरतेय. जुन्या फॉन्टमधल्या फायली युनिकोडमध्ये नेण्याचे कन्व्हर्टर आहेत, आणि ते नव्वद टक्के काम नीट करतात. उरलेलं रफारात अडकतं. जुन्या फॉन्टमध्ये जे जसं दिसतं तसं साठवलेलं असतं: पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमानं, म्हणजे वेलांटी नंतर आणि र आधी. कन्व्हर्टरला ही उलटापालट करावी लागते, आणि रफाराला जोडून काना किंवा वेलांटी आली की तो कधी कधी धडपडतो. आता लग्नपत्रिकेत काय असतं बघा: मुहूर्त, शुभाशीर्वाद, सूर्यास्त, मार्गशीर्ष, मंगल कार्यालय. नेमके रफारच रफार. पहिल्या फायलीत कार्यालयाचा रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसला. प्रूफ डोळ्यांनी वाचण्याला पर्याय नाही, आणि आप्पांसारखा प्रूफ वाचणारा माणूस घरात आहे हे माझं नशीब.

पेजमेकरला युनिकोड मराठी येत नाही, म्हणजे त्यालाही सोडावं लागणार. इनडिझाइन उत्तम, पण त्याचं भाडं भरायचं आणि मी पत्रिकेमागे किती मिळवते ते बघायचं. सध्या पावतीपुस्तकं आणि अहवाल लिब्रे ऑफिसमध्ये करते, आणि पत्रिकांसाठी स्क्रायबस शिकतेय. ते फुकट आहे आणि त्याच्या १.६ या आवृत्तीत देवनागरीची जोडाक्षरं नीट येतात. हात अजून बसलेला नाही. पेजमेकरमध्ये जे डोळे मिटून करते त्याला इथे मेनू शोधावा लागतो. फॉन्टची मात्र चैन आहे. मुक्ता, शोभिका यांसारखे देखणे फॉन्ट मोफत आणि कुठल्याही मशीनवर चालणारे. डोंगल नाही, ड्रायव्हर नाही, त्यामुळे पुढच्या मशीनवर ते मेमरी इंटिग्रिटीचं बटण चालूच राहील. ते मशीन विंडोज ११ चं असेल आणि मे महिन्याची लग्नसराई आटोपली की घेऊ, असं ठरलंय.

तुळशीचं लग्न झाल्यावर तासगावहून एक द्राक्षबागायतदार मुलीची पत्रिका करायला आले. ती पहिल्यांदाच पूर्ण स्क्रायबसमध्ये, शोभिका फॉन्टात केली. मनातून धाकधूक होती की जुना वळणदार फॉन्ट कुठे गेला असं विचारतील. त्यांनी पत्रिका लांब धरून वाचली, मामांची नावं मोजली, एक राहिलेलं नाव सांगितलं आणि म्हणाले, "बाकी झ्याक आहे. तेवढा गणपती जरा मोठा करा."